मोटरहोमची शाकारणी : पावसाळी गोव्यातले सहा दिवस

आंबोलीचा घाट उतरताना आमच्या मोटरहोममधल्या, म्हणजे चाकांवरच्या घरातल्या, स्वयंपाकाच्या ओट्यावर पहिला थेंब पडला आणि आमच्या सहलीचा बेत तिथेच बदलला. आम्ही निघालो होतो पाऊस बघायला. डिचोलीला मावशीकडे दोन दिवस, मग सत्तरीतले धबधबे आणि शेवटी काणकोण. प्रत्यक्षात सहा दिवस डिचोली आणि बार्देश या दोन तालुक्यांतच गेले, आणि त्यातला बराच वेळ आमच्याच गाडीच्या छतावर. तरी आजवरच्या सहलींत ही मला सगळ्यांत जवळची वाटते. ज्यांच्याकडे मोटरहोम आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून गळतीचा शोध जरा सविस्तर लिहिते.

आधी गाडीविषयी. सतरा सीटर मिनीबसवर बांधलेला हा मोटरहोम आम्ही बहीणभावांनी दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतला. वर फायबरचं उंच छत, त्यावर दोन सोलर पॅनेल, मधोमध छतपंखा. आत पुढच्या बाजूला डाव्या हाताला ओटा आणि सिंक, मागे आडवा पलंग. हंपी, बदामी, राजस्थान असं आम्ही तिच्यातून हिंडलो, पण सगळं कोरड्या दिवसांत. मागचा पावसाळा ती शेडमध्ये उभी होती. खरा पाऊस तिने यंदाच पाहिला.

पहिला दिवस, २० जून : सांगली ते डिचोली

आजऱ्यापर्यंत रिमझिम होती. आंबोलीत मात्र समोरचा रस्ता दिसेनासा झाला. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणारं गाव ते, तिथे जूनमध्ये दुसरं काय मिळणार! मुख्य धबधब्यापाशी कणसं भाजणाऱ्या बाईंच्या ताडपत्रीखाली उभं राहून चहा घेतला आणि घाट उतरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर भाऊ म्हणाला, "ताई, मागे काहीतरी टपटपतंय." उठून पाहिलं तर ओट्यावर, गॅसच्या शेजारी, थेंब पडत होते. गाडी थांबवून खाली फडकं ठेवलं. सावंतवाडीच्या सपाट रस्त्याला लागल्यावर थेंब थांबले. बांदा, पत्रादेवी, पेडणे करत संध्याकाळी डिचोलीला पोचेपर्यंत एकही नवा थेंब नव्हता. आम्हाला वाटलं, घाटातल्या झोडपणाऱ्या पावसाने कुठूनतरी शिंतोडा मारला असेल.

मावशीचं घर जुनं, मंगळुरी कौलांचं, पुढे मोठं खळं. पावसाच्या बाजूच्या मातीच्या भिंतीला विणलेल्या झावळ्यांची झड बांधलेली. अंगण मागच्या बाजूला उतरतं, त्यामुळे गाडीचं नाक वर आणि शेपूट खाली अशी उभी राहिली. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही, पण सगळ्या कोड्याचं उत्तर तिच्यातच होतं.

जेवायला उकड्या तांदळाची पेज, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, आणि फणसाच्या बिया घातलेली टायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी. जून-जुलैत गोव्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस. त्यामुळे पावसाळ्यातलं जेवण सुक्या माशांवर आणि रानभाज्यांवर चालतं. ताज्या मासळीच्या आशेने या दिवसांत येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मला विचाराल तर किसमूर आणि पेज यांच्यापुढे मला सुरमईची आठवणही झाली नाही.

रात्री अडीचला गालावर गार थेंब पडला. पलंगाच्या डाव्या उशाशी छताच्या पट्टीतून पाणी ठिबकत होतं. ओट्यावर मात्र आता ठणठणीत कोरडं.

दुसरा दिवस : घाई

सकाळी सात वाजता पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत आला. गरम पोई (कोंड्याचा पाव) आणि पातळभाजी खाताना आम्ही ठरवून टाकलं की गळती दोन ठिकाणी आहे, एक ओट्याच्या वर आणि एक पलंगाच्या वर. पलंगाच्या बरोबर वर सोलर पॅनेलचा ब्रॅकेट आहे. ओट्याच्या वर फायबरचं छत मूळ पत्र्याला जिथे मिळतं तो सांधा आहे. दोन्ही जागी वरून सिलिकॉन भरलं की झालं, असा आमचा हिशेब.

मावसभावाने हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनच्या दोन नळ्या आणि गन आणली. अकराच्या सुमाराला पाऊस उघडला तसे आम्ही वर चढलो, फडक्याने पुसलं आणि दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या. ही चूक होती. ती पुढे दोन दिवस आम्हाला भोवली, म्हणून आत्ताच सांगते : पाणी नेमकं कुठून शिरतं ते कळल्याशिवाय छताला काहीही फासू नका. सिलिकॉनला तर हातच लावू नका. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही. ना रंग, ना रेझिन (फायबरचे थर घट्ट करणारा द्रव), ना सांधे बुजवणारा दुसरा सीलंट. खरवडून काढलं तरी त्याचा तेलकट थर मागे राहतो.

दुपारी नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला गेलो. दिवाडी बेटावरचं मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं, आणि नार्व्यातल्या या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करवला. अलीकडच्या डागडुजीनंतर २०२३ मध्ये त्याचं पुन्हा लोकार्पण झालं. उतरत्या कौलांवरून पागोळ्यांची एकसारखी झालर पडत होती आणि आत सभामंडपात जमीन कोरडी होती. आदल्या रात्रीच्या जागरणानंतर ते कोरडेपण मी किती वेळ बघत बसले!

रात्री पुन्हा पाऊस, पुन्हा त्याच जागी थेंब. शिवाय नवीनच प्रकार : छतपंख्याच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आणि छतातल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर पाण्याचे बारीक मणी जमले होते. भाऊ हबकलाच. "ताई, आता सगळीकडूनच गळायला लागलं."

तिसरा दिवस : पाण्याची वाट

सकाळी मावशी छत्री घेऊन गाडीत आली. छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगो बाय, कौल फुटतं पुढच्या पडवीवर नि पाणी पडतं माजघरात. पाणी वाशावरून चालत येतं. आमचा शाकारणीचा माणूस आला की आधी आतून वासे चाचपतो, मग वर चढतो. तुम्ही सरळ वर चढलात."

मे महिन्यात घर शाकारणारी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून देणारी माणसं शेकडो वर्षं जे करत आली, ते आम्ही केलं नव्हतं. त्या दिवशी मग सगळं शांतपणे, आतून सुरू केलं.

पहिल्यांदा मण्यांचा निकाल लावला. आदल्या रात्री पाऊस आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद होत्या आणि मी आतच पेज गरम केली होती. ती वाफ, दोन माणसांचे श्वास, आणि वर पावसाने गार पडलेला धातू, म्हणजे दव जमणारच. ही गळती नव्हे. फरक ओळखायची सोपी रीत आहे. छताचा एक भाग पुसून कोरडा करा आणि त्यावर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा. काही तासांनी प्लॅस्टिकच्या खालच्या, आपल्याकडच्या बाजूला पाणी दिसलं तर ते दव. प्लॅस्टिकच्या वर, छताकडच्या बाजूला ओल दिसली तर गळती. आमच्या पंख्यापाशी ओल खालच्या बाजूला आली. तेवढ्यापुरता प्रश्न मिटला. पावसाळ्यात स्वयंपाक करताना छतपंखा चालू ठेवायचा आणि एक खिडकी फटभर उघडी ठेवायची, हा नियम त्या दिवसापासून.

मग पलंगावरची छताची प्लायपट्टी उघडली. आत उष्णता अडवायला ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) भरलेलं होतं. सुकं असताना ते कापसासारखं हलकं असतं. हे ओल्या घोंगडीसारखं जड होऊन हातावर आलं, आणि कुबट वास सुटला. प्लायवर अंगठा दाबला तर डाव्या कोपऱ्यात तो पोळीच्या पिठात जावा तसा आत गेला. उजव्या बाजूला प्लाय टणक. पृष्ठभागावर चहाच्या रंगाची वर्तुळं होती, एकात एक. त्यांतून एक बारीक काळपट रेघ पुढच्या दिशेला, ओट्याकडे गेलेली. पाणी ब्रॅकेटमधून सरळ खाली आलं असतं तर ही रेघ कशाला असती?

रेघेच्या मागे जात एकेक पट्टी उघडत गेलो. रेघ संपली एका प्लॅस्टिकच्या केसिंगपाशी. सोलरची तार छतातून आत येते आणि या केसिंगमधून गाडीच्या पुढपासून मागपर्यंत जाते. केसिंगचं एक तोंड ओट्याच्या वर उघडतं, दुसरं पलंगाच्या डाव्या कोपऱ्यात.

भाऊ खालीच बसला. "घाट उतरताना नाक खाली, म्हणून पाणी ओट्यावर. इथे शेपूट खाली, म्हणून पलंगावर." गळती दोन नव्हत्याच. एकाच भोकाचं पाणी उतार मिळेल त्या तोंडातून बाहेर पडत होतं.

तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानायचं नाही, असं ठरवलं. दुपारी दीड तास उघडीप मिळाली. छत पुसून कोरडं केलं, विहिरीच्या पंपाला पाइप लावला. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पाणी हलक्या धारेने सोडायचं, कारण सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर गनने चांगले सांधेसुद्धा पाणी आत घेतात आणि आपली दिशाभूल होते. आणि सुरुवात खालून करायची : आधी खिडक्या, मग पन्हळ, मग छताचा कडेचा सांधा, शेवटी माथा. प्रत्येक जागी दहा मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी वाटेतल्या सगळ्या जागा भिजवत येतं आणि गुन्हेगार कोण ते कळतच नाही. भाऊ बाहेर शिडीवर, मी आत टॉर्च घेऊन, हातात पेन्सिल. थेंब दिसला की जागा आणि वेळ लाकडावरच लिहायची.

खिडक्या कोरड्या. पन्हळ कोरडी. आम्ही सिलिकॉन फासलेला पुढचा सांधा कोरडा, आणि तो आधीही कोरडाच असणार. मागचा ब्रॅकेट कोरडा. मग भावाने धार तारेच्या डबीवर धरली, म्हणजे जिथून सोलरची तार छतात शिरते त्या छोट्या प्लॅस्टिकच्या खोक्यावर. चार मिनिटं काही नाही. पाचव्या मिनिटाला केसिंगच्या कडेवर पाण्याची एक बारीक मिशी दिसली, ती फुगली आणि सावकाश मागच्या बाजूला चालायला लागली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की मावशी स्वयंपाकघरातून धावत आली.

डबी उघडून पाहिली. बांधणाऱ्याने तारेचं तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवलं होतं. चालत्या गाडीत पावसाचा मारा सरळ आत. खाली सीलंट असं नव्हतंच, नुसते चार स्क्रू. तारेला बाहेर खोलगट वळसाही नव्हता. असा वळसा असला की पाणी त्याच्या तळाशी गळून पडतं, तारेवरून आत चालत येत नाही.

संध्याकाळी डबीवर तात्पुरती टेप आणि वर ताडपत्री. रात्रभर धो धो कोसळला. पलंग कोरडा, ओटा कोरडा. मावशीने रात्री अळमी केली होती, वारुळाजवळ उगवणारी पावसाळी अळंबी, ओल्या नारळाच्या वाटणात. गोव्यात ही थोडेच दिवस मिळते आणि महाग असते, पण एकदा तरी खावी.

चौथा दिवस : म्हापसा आणि शापोरा

पक्कं काम करायचं तर सामान हवं, म्हणून गाडी घेऊन म्हापशाला निघालो. ताडपत्री काढली होती, टेप होती. पाऊस मध्यम. म्हापसा यायच्या आत छतपंख्याच्या मागच्या कोपऱ्यातून थेंब पडायला लागले. रात्रभर उभ्या गाडीत एक थेंब नाही, आणि चालत्या गाडीत गळती! मी अक्षरशः रडकुंडीला आले.

म्हापशात आधी सामान घेतलं. ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी मऊ चिकट पट्टी, हार्डवेअरवाल्याकडे पत्र्याच्या सांध्यांसाठी मिळते. पॉलियुरेथेन सीलंट तिथे नव्हता, तो गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याकडे मिळाला. पुढची काच ज्या काळ्या सीलंटने चिकटवतात तोच हा. हे कुठल्याही गावात उपयोगी पडेल. मात्र तो एकदा चिकटला की सुटत नाही, म्हणून जे पुन्हा कधीतरी काढावं लागेल, उदाहरणार्थ छतपंखा, त्याच्याखाली ब्युटाइलच लावावी.

काचवाल्यानेच विचारलं, "छत फायबरचं ना? मग शापोऱ्याला जा. होड्यांचे मिस्त्री आता मोकळे असतात."

आपल्याला हे कसं सुचलं नाही! मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि त्यांची डागडुजी चालते. फायबरची होडी आणि फायबरचं छत यांत फरक इतकाच, की एकीला पाणी खालून लागतं आणि दुसऱ्याला वरून.

तिळारी नदी गोव्यात शिरल्यावर शापोरा होते आणि शापोऱ्याच्या किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले, बाजूच्या पत्र्याच्या उंच शेडमध्ये तीन होड्या उपड्या घातलेल्या, आणि सगळीकडे रेझिनचा तो डोक्यात जाणारा वास. मिस्त्री मूळचे वेंगुर्ल्याचे, साठीच्या घरातले. आम्ही मराठीत बोलायला लागलो तसे ते थेट मालवणीत उतरले. दोरीने शेडची उंची मोजून गाडी आत घेतली.

वर चढल्यावर पहिलं वाक्य : "ह्या कोणी लावल्यान?" बोट आमच्या सिलिकॉनवर. मी सांगितलं, आम्हीच. ते रागावले नाहीत. "आधी ह्या सगळा काडूक होया," एवढंच म्हणाले. त्यांच्या हाताखालच्या दोन मुलांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने ते खरवडलं, मग पॉलिशपेपरने खालचा थर घासून काढला. दीड तास गेला.

तोवर मिस्त्रींनी खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि छतपंख्याभोवती बोटभर अंतरावर ठोकत फिरले. टण, टण, टण, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात एकदम ढब. पुन्हा मागे येऊन ठोकलं. टण, टण, ढब. त्यांनी मला नाणं दिलं. "तुमी ऐका." मी ठोकलं, आणि खरोखरच कानाला कळलं : घट्ट फायबर वाजतं, आणि ज्याच्या थरांत पाणी शिरून ते सुटलेलं असतं ते मुकं होतं. त्या मुक्या भागाभोवती त्यांनी खडूने रेघ मारली. तळहाताएवढा भाग होता. आत कोपऱ्यापासून निघालेली केसासारखी एक चीर, जी आम्ही चार वेळा वर चढूनही पाहिली नव्हती.

"पण काल पाइपच्या पाण्याने इथून काहीच आलं नाही," भाऊ म्हणाला.

मिस्त्रींनी एका मागच्या चाकाखाली जॅक लावायला सांगितला. गाडी एका कोपऱ्यावर उचलली गेली, तशी तिची बॉडी किंचित पिळली. मग चिरेवर तांब्याने पाणी ओतलं. आत थेंब!

"रस्त्याक गाडी मुरगळता. तेवा चीर उघडता. उबी असताना मिटलेली." दर्याच्या लाटेवर होडीही अशीच मुरगळते, म्हणून बंदरात उभी असताना कोरडी दिसणारी होडी बाहेर गेल्यावर पाणी घेते, असंही त्यांनी सांगितलं.

चीर का पडली याचं कारण पंख्यासाठी कापलेल्या भोकात होतं. कोपरे काटकोनात, धारदार कापलेले. फायबर असो वा पत्रा, ताण धारदार कोपऱ्यात गोळा होतो आणि तिथूनच फाटायला सुरुवात होते. कोपरा गोलसर हवा. नवीन गाडी बांधून घेणाऱ्यांनी छताला भोक पाडताना स्वतः समोर उभं राहून हे पाहावं, ही माझी कळकळीची विनंती.

काम असं झालं. चिरेच्या टोकाला तीन मिलीमीटरचं छोटं भोक, म्हणजे ती पुढे धावत नाही. काटकोनी कोपरे घासून गोल केले. सुटलेला भाग ग्राइंडरने घासून उथळ ताटलीसारखा केला. जाडी एक असेल तर उतार बारा, इतका पसरट, म्हणजे नव्या थरांना धरायला जागा मिळते. मग दोन हॅलोजन दिवे लावून चार तास सुकवत ठेवला. हवेत एवढी ओल असताना मिस्त्री घाई करत नाहीत. ओल्या फायबरवर मारलेलं रेझिन वरून कडक दिसतं आणि महिन्याभरात पापुद्रा सुटतो. रात्री आठला रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरच्या मॅटचे तीन थर बसले, रोलरने प्रत्येक थरातली हवा दाबून काढत.

रेझिन स्वतः करायचा विचार असेल तर एक गोष्ट जिवाची आहे : रेझिन घट्ट व्हायला त्यात घालतात ती दोन रसायनं, हार्डनर आणि कोबाल्ट, कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, हार्डनर अगदी शेवटी. मास्क आणि हातमोजे हवेतच.

त्या रात्री शेडमध्येच झोपलो. मिस्त्रींच्या घरून डबा आला : भात, सुक्या बांगड्याची आमटी, सोलकढी. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "जेवणाचे कसले?"

पाचवा दिवस, २४ जून : सांजाव

रेझिनला पूर्ण दिवस द्यायचा होता, आणि तो दिवस नेमका सांजावचा. सेंट जॉन द बाप्टिस्टचा सण. मारिया भेटायला आली तेव्हा आईच्या पोटात बाळ जॉनने आनंदाने उडी मारली, तिची आठवण म्हणून या दिवशी विहिरीत उड्या मारतात. शेजारचं शिवोली गाव यासाठी प्रसिद्ध आहे. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घातलेली पोरं घुमट (मातीच्या मडक्याचं वाद्य) वाजवत गल्लीतून येत होती, "व्हिवा सांव जांव!" एका घराने आम्हालाही आत बोलावलं. तिथल्या नव्या जावयाला सासरच्यांनी फळांची टोपली दिली आणि पाठोपाठ विहिरीत ढकललं. पाऊस कोसळत होता, विहीर काठोकाठ भरली होती, आणि एकाही माणसाला भिजायची तमा नव्हती. चार दिवस पाण्याशी झुंजल्यावर ते दृश्य बघून माझं मन एकदम हलकं झालं. दुपारी नदीत सजवलेल्या होड्यांची मिरवणूक पाहिली. बघायला जाणाऱ्यांनी विहिरीत उतरण्याआधी घरच्यांना विचारावं, दारू पिऊन उडी मारू नये.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. मोटरहोम घेऊन येणाऱ्यांनो, गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं २०१९ पासून दंडनीय आहे. चूल-शेगडी बाहेर मांडू नका. मुक्कामासाठी ओळखीचं अंगण किंवा गेस्टहाउसचं आवार विचारून घ्या.

संध्याकाळी उरलेलं काम आम्हीच केलं, मिस्त्री बाजूला उभे राहिले. डबीखाली ब्युटाइल, डबीचं तोंड आता मागच्या दिशेला, तारेला वळसा, कडेने काळा सीलंट. हा सीलंट हवेतली ओल शोषून घट्ट होतो, त्यामुळे दमट हवा त्याला मानवते. जागा मात्र कोरडी लागते. पंखा ब्युटाइलवर बसवला. स्क्रू आवळताना पहिल्याच दिवशी पूर्ण ताकद लावायची नाही. ब्युटाइल दबून पसरते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एक-दोन आटे द्यायचे. छतावर हिंडताना फळी टाकून तिच्यावर गुडघे ठेवायचे, म्हणजे वजन पसरतं. ओलं फायबर शेवाळलेल्या पायरीइतकं निसरडं असतं.

सहावा दिवस : चोर्ला

सकाळी स्क्रू आवळले, मिस्त्रींनी पुन्हा नाणं फिरवलं. सगळीकडे टण. मजुरी त्यांनी इतकी कमी सांगितली की भावाने हट्टाने जास्त दिली. मावशीला भेटून, फणसाच्या सांदणांचा डबा घेऊन साखळीमार्गे चोर्ला घाटाला लागलो. परतीचा हा रस्ता मुद्दाम धरला : चढ, वळणं, खड्डे आणि बेळगावपर्यंत पाऊस, म्हणजे नाक वर, बॉडी पिळलेली, सगळं एकत्र. मी मागे पलंगावर बसून होते. केसिंगच्या दोन्ही तोंडांखाली आणि पंख्याच्या चारही कोपऱ्यांखाली टिश्यूपेपरचे तुकडे चिकटवले होते. एवढासा थेंब लागला तरी टिश्यू लगेच काळवंडतो, डोळ्याला चुकतो तोही. घाटमाथ्यावर धुक्यात गाडी थांबवून सहाही तुकडे चाचपले. सुके. बेळगावला पुन्हा चाचपले. सुके.

आता पलंगावरचं छत उघडंच ठेवलं आहे. भिजलेलं ग्लासवूल टाकून दिलं, ते वाळवून वापरण्यात अर्थ नाही. सडलेल्या पट्टीच्या जागी मरीन प्लाय येईल, त्यावर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून घेतला आहे; जुन्या पट्टीवर आयएस ३०३ होता, तो घरातल्या कपाटाचा प्लाय. आतलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत, निदान महिनाभर, पट्टी बसवायची नाही. वरच्या डागडुजीवर जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराचा, शेवटचा हात राहिला आहे. तो मिस्त्रींनी या हवेत मारायला नकार दिला. "नोव्हेंबरात येवा," म्हणाले, "तेवा सुरमय पण गावात." म्हणजे तेव्हा सुरमईही मिळेल. तारीख धरून ठेवली आहे.